एक वर्डप्रेस, अनेक डोमेन: अपाचेत व्हर्च्युअल होस्ट कसे लिहायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. देवगडातून तुम्ही भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) वर्डप्रेस मल्टिसाइट, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट, चालवता. उबुंटू, त्यावर अपाचे २.४ हा वेब सर्व्हर. त्यात आंबा बागायतदारांचे ब्लॉग आहेत, तारकर्ली-देवबागकडचे होमस्टे आहेत, एका मंडळाची साइट आहे. आधी सगळे तुमच्या मुख्य डोमेनच्या सबडोमेनवर होते, आता ज्याला त्याला स्वतःचं डोमेन हवंय. म्हणून तुम्ही दर डोमेनला वेगळा व्हर्च्युअल होस्ट (अपाचेच्या कॉन्फिगमधला त्या नावाचा विभाग) केलात, दर होस्टला वेगळा फोल्डर दिलात, त्यात वर्डप्रेसची प्रत टाकलीत आणि सगळ्या प्रती एकाच डेटाबेसला जोडल्यात. आता हापूसच्या डोमेनवर होमस्टेची साइट उघडते, नवीन डोमेन नोंदणीच्या पानावर जाऊन पडतं, ब्राउझर सर्टिफिकेटवरून ओरडतो, लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान येतं आणि अर्धे फोटो दिसत नाहीत.

फोटोंचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. मल्टिसाइट म्हणजे घर एक, चुली वेगळ्या. तुम्ही प्रत्येक चुलीला वेगळं घर बांधलंत. बागायतदाराने मुख्य डोमेनवरून फोटो चढवला तर तो मुख्य प्रतीच्या अपलोड्स फोल्डरमध्ये गेला. त्याच्या स्वतःच्या डोमेनची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे, तिथे तो फोटो नाही. डेटाबेस म्हणतो आहे, डिस्क म्हणते नाही. प्लगइनचंही तेच होणार: एका प्रतीत अपडेट केलं की डेटाबेसची रचना बदलते आणि बाकीच्या प्रतींमधला जुना कोड त्या नव्या रचनेवर चालत राहतो. तेव्हा त्या सगळ्या प्रती काढून टाका. एकच ठेवा. काढण्यापूर्वी प्रत्येक प्रतीतला अपलोड्सखालचा ‘साइट्स’ फोल्डर मूळ प्रतीत विलीन करा. त्याच्या आत २, ३, ४ अशा साइट-क्रमांकांचे फोल्डर असतात, त्यामुळे एका साइटचे फोटो दुसरीच्या फोटोंवर चढत नाहीत. (मांडणी ३.५ च्या आधीची असेल तर फोटो ‘ब्लॉग्स डॉट डिर’ नावाच्या फोल्डरमध्ये सापडतील.)

आता मुख्य मुद्दा. डोमेनचं नाव एकूण चार जागी तपासलं जातं: डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी यादी), एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटमध्ये, अपाचेमध्ये आणि वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये. चौघांची यादी वेगवेगळी, आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते. फोटो आणि लॉगिनचा फेरा सोडला तर तुमच्या सगळ्या तक्रारी या चारांपैकी कुठल्या तरी यादीत नाव नसल्याच्या किंवा चुकीचं असल्याच्या आहेत. अपाचेचं काम त्यात फार थोडं आहे. आलेली विनंती ज्या नावाने आली ते नाव तसंच्या तसं वर्डप्रेसपर्यंत पोचवायचं. कुठली साइट दाखवायची ते वर्डप्रेस ठरवतो. व्हर्च्युअल होस्ट लिहिताना एवढं डोक्यात ठेवलंत की फाइल आपोआप लहान होते.

खाली नावं देताना मुख्य डोमेनला वाडी.एक्झाम्पल म्हणतो, बागायतदाराच्या डोमेनला हापूस.एक्झाम्पल आणि तिसऱ्याला होमस्टे.एक्झाम्पल. डायरेक्टिव्ह (कॉन्फिगमधल्या आज्ञा) देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच ती रोमनमध्ये जातात.

अपाचे होस्ट कसा निवडतो हे नीट समजून घ्या, कारण ‘एकाच्या डोमेनवर दुसऱ्याची साइट’ हा घोळ तिथलाच असतो. विनंती आली की आधी आयपी आणि पोर्ट जुळणारे होस्ट बाजूला काढले जातात. मग विनंतीतलं होस्ट हे हेडर (ब्राउझरने मागितलेलं नाव) त्यांच्या सर्व्हरनेम आणि सर्व्हरअलायसशी (मुख्य नाव आणि पर्यायी नावं) क्रमाने ताडलं जातं. कुठेच जुळलं नाही तर अपाचे एरर देत नाही. त्या पोर्टवर जो होस्ट सगळ्यात आधी वाचला गेला, त्याच्याकडे विनंती देऊन मोकळा होतो. उबुंटूत ‘साइट्स-एनेबल्ड’मधल्या फाइली नावाच्या वर्णक्रमाने वाचल्या जातात. तुम्ही फाइलींना डोमेनची नावं दिली असणार, आणि रोमन वर्णक्रमात पहिली आली ती फाइल तुमच्या नकळत मालक झाली. हापूसच्या फाइलमध्ये सर्व्हरनेम आहे पण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला अलायस नाही, असं असेल तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून येणारा प्रत्येक माणूस त्या पहिल्या होस्टच्या दारात जातो. पुष्कळ जण त्यावर उपाय म्हणून कंसात ‘_डीफॉल्ट_’ लिहितात. २.४ मध्ये त्याला वेगळा अर्थ उरलेला नाही, तो नुसत्या तारांकनासारखाच धरला जातो. क्रमच खरा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ‘अपाचेसीटीएल’ला मोठा एस हा पर्याय देऊन चालवा. प्रत्येक पोर्टखाली पहिली ओळ ‘डीफॉल्ट सर्व्हर’ची येते, त्यापुढे नाव, फाइलचा पत्ता आणि ओळ क्रमांक. त्याखाली बाकीचे होस्ट, त्यांच्याखाली अलायस. एकच नाव दोन फाइलींत आलेलं असेल तर तेही इथेच दिसतं. अपाचे त्याबद्दल बोलत नाही, पहिली फाइल चालते आणि दुसरी नुसती पडून राहते. माणूस तासन्‌तास त्या दुसऱ्या फाइलीत बदल करत बसतो. (एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर अशा वेळी निदान ‘नाव आधीच आलंय’ अशी सूचना देतो.) तुमच्या मेलमधल्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की हे आउटपुट बघितल्यावर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

आता रचना. मी ८० आणि ४४३ या दोन पोर्टांना वेगळी वागणूक देतो.

पोर्ट ८० वर एकच होस्ट ठेवा आणि तो सर्वांत आधी वाचला जाईल असं फाइलचं नाव ठेवा, तीन शून्यांनी सुरू होणारं. कुठल्याही नावाने कोणी आलं तरी तो दोनच गोष्टी करतो. पत्ता ‘वेल-नोन’खालच्या ‘अ‍ॅक्मे-चॅलेंज’चा असेल (सर्टिफिकेट देणारे डोमेन तुमचंच आहे का ते तिथे तपासतात) तर एका ठरावीक रिकाम्या फोल्डरमधून फाइल देतो, त्यासाठी अलायस डायरेक्टिव्ह. बाकी सगळं ज्या नावाने आलं त्याच नावाच्या एचटीटीपीएस पत्त्यावर वळवतो. वळवायला साधं रीडायरेक्ट चालणार नाही, कारण त्यात ठाम नाव लिहावं लागतं. मॉड-रीराइट (पत्ते बदलणारं अपाचेचं मॉड्यूल) वापरून होस्ट हेडरमधलं नाव उचला, आणि चॅलेंजचा पत्ता त्यातून वगळा. ही फाइल एकदा लिहिली की नवीन डोमेनसाठी तिला हात लावायचा नाही.

पोर्ट ४४३ वर मात्र प्रत्येक डोमेनचा स्वतःचा होस्ट हवा, आणि याचं कारण फक्त सर्टिफिकेट आहे. एचटीटीपीएसमध्ये होस्ट हेडर कुलुपाच्या आत असतं; ते वाचायच्या आधी सर्टिफिकेट दाखवावं लागतं. कुठलं दाखवायचं हे ब्राउझरने सुरुवातीला एसएनआयमध्ये पाठवलेल्या नावावरून ठरतं, आणि ते नाव कुठल्याच होस्टशी जुळलं नाही तर पुन्हा पहिल्या होस्टचं सर्टिफिकेट पुढे केलं जातं. म्हणूनच तुमच्या हापूसवाल्याला ‘हे सर्टिफिकेट होमस्टेचं आहे’ असं दिसतं.

तो होस्ट पाच-सहा ओळींचा असावा. सर्व्हरनेमसमोर हापूस.एक्झाम्पल, सर्व्हरअलायससमोर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं तेच नाव, एसएसएल चालू, सर्टिफिकेटची फाइल, किल्लीची फाइल, आणि शेवटी एक इन्क्लूड. त्या इन्क्लूड केलेल्या सामाईक फाइलमध्ये बाकी सगळं: डॉक्युमेंटरूट (सर्वांना तोच एक फोल्डर), डिरेक्टरीचा ब्लॉक, त्यात ‘रिक्वायर ऑल ग्रांटेड’, पीएचपी-एफपीएमकडे (पीएचपी चालवणाऱ्या सेवेकडे) पाठवायची ओळ आणि वर्डप्रेसचे रीराइटचे नियम. हे नियम लोक ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’मध्ये ठेवतात. सर्व्हर तुमच्या ताब्यात आहे, तेव्हा ते थेट डिरेक्टरी ब्लॉकमध्ये टाका आणि अलाउओव्हरराइड ‘नन’ करा. प्रत्येक विनंतीला अपाचे ती फाइल शोधत फिरणार नाही आणि कुठलं तरी प्लगइन तुमच्या पाठीमागे नियम बदलणार नाही. नियम कुठले घ्यायचे ते नेटवर्क सेटअपच्या पानावर वर्डप्रेसच दाखवतो. सबडोमेनच्या मल्टिसाइटचे आणि सबडिरेक्टरीच्या मल्टिसाइटचे नियम वेगळे असतात, त्यांची अदलाबदल करू नका.

डोमेन वीस-पंचवीस झाली की त्या पाच ओळींचाही कंटाळा येतो. तेव्हा मॉड-मॅक्रो चालू करा: साचा एकदा लिहायचा आणि दर डोमेनला ‘यूज’ची एक ओळ. फक्त मग सर्टबॉटच्या (लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेटं आणणारा प्रोग्राम) अपाचे प्लगइनच्या भरवशावर राहू नका, त्याला मॅक्रो नीट उमगत नाहीत. सर्टबॉट ‘सर्टओन्ली’ आणि ‘वेबरूट’ पद्धतीने (तपासणीची फाइल वरच्या त्या रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवून) चालवा. तो सर्टिफिकेट आणून ठेवेल, तुमच्या फाइलींना हात लावणार नाही. मॅक्रो नसतील तरी मी हीच पद्धत सांगेन. आपली कॉन्फिग आपणच लिहावी.

४४३ चाही एक पहिला होस्ट लागतोच, बिननावाच्या किंवा भलत्याच नावाच्या विनंत्यांसाठी. त्याला घरी बनवलेलं सर्टिफिकेट द्या आणि ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ लिहून दार बंद करा. हे आवश्यक आहे: तुमच्या आयपीकडे कोणीही स्वतःचं डोमेन वळवू शकतो, त्याला तुमची परवानगी लागत नाही, आणि पहिला होस्ट खरा असेल तर त्या परक्या नावाखाली तुमचा सर्व्हर उत्तर देत राहतो. एन्जिनएक्स वापरणाऱ्यांना यासाठी ‘एसएसएल रिजेक्ट हँडशेक’ हे डायरेक्टिव्ह आहे, १.१९.४ पासून, सर्टिफिकेट बनवायचीही कटकट नाही.

जुने लेख वाचून काम करत असाल तर दोन खुणा लक्षात ठेवा. ‘नेमव्हर्च्युअलहोस्ट’ ही ओळ दिसली किंवा ‘ऑर्डर अलाउ, डिनाय’ दिसलं, की तो लेख २.२ च्या काळातला आहे. २.४ येऊन २०१२ पासून बरीच वर्षं झाली. आणि उबुंटूवरच्या २.४ मध्ये साइटची फाइल ‘डॉट कॉन्फ’ने संपली नाही तर ती वाचलीच जात नाही, एरर न देता.

सर्टिफिकेटबद्दल माझं ठाम मत: प्रत्येक मॅप केलेल्या (साइटला जोडलेल्या) डोमेनला वेगळं घ्या. लेट्स एन्क्रिप्ट एका सर्टिफिकेटमध्ये शंभर नावं घालू देतं, आणि सगळी एकात घालायचा मोह होतो. पण नूतनीकरणाच्या वेळी त्यातल्या प्रत्येक नावाची तपासणी पुन्हा होऊ शकते आणि एक जरी नापास झालं तर अख्खं सर्टिफिकेट अडतं. आपल्याकडे डोमेनचं नूतनीकरण विसरणं सर्रास चालतं. होमस्टेचा मालक जूनमध्ये शटर ओढतो, डोमेनची मुदत जुलैत संपते, ईमेल मुंबईतल्या पुतण्याच्या नावावर. त्या एका डोमेनपायी आंब्याच्या सगळ्या साइट का अडकाव्यात? वेगळं सर्टिफिकेट असेल तर ज्याचं मेलं त्याचंच मेलं. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट शेवटच्या महिन्यात ते बदलतो. पण बदललेली फाइल अपाचेने वाचायला रीलोड लागतं, तेव्हा ‘डिप्लॉय हुक’मध्ये (नवं सर्टिफिकेट आल्यावर जे चालतं त्यात) रीलोडची आज्ञा घाला. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ च्या जूनपासून बंद केलेत. आता नजर आपली आपणच ठेवायची. रोज प्रत्येक डोमेनवर जाऊन सर्टिफिकेटची तारीख बघणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) टाका.

तुमच्या मुख्य डोमेनच्या सबडोमेनसाठी तारांकनवालं सर्टिफिकेट मिळतं, पण त्याची तपासणी फक्त डीएनएसमधून होते, वेबरूटने नाही. डीएनएसवाल्याकडे एपीआय असेल तरच त्याच्या भानगडीत पडा.

कामाचा क्रम चुकला तर सगळं नेटवर्क बसतं, म्हणून तो सावकाश सांगतो. आधी डीएनएस. मग सर्टिफिकेट, जे पोर्ट ८० वरच्या त्या सर्वसमावेशक होस्टमुळे लगेच मिळतं. मग ४४३ चा होस्ट. आणि सगळ्यात शेवटी वर्डप्रेसमधला पत्ता. सर्टिफिकेट यायच्या आधी ४४३ ची फाइल चालू केलीत आणि तिच्यात नसलेल्या सर्टिफिकेटचा पत्ता असेल, तर पुढच्या रीस्टार्टला अपाचे उठतच नाही. एका होमस्टेपायी सगळेच अंधारात. रीलोड करण्यापूर्वी ‘कॉन्फिगटेस्ट’ चालवायचं, ‘सिंटॅक्स ओके’ दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. सर्टिफिकेट मिळत नसेल तर एकामागून एक प्रयत्न मारत बसू नका. एका नावाला तासाला पाच नापास तपासण्यांची मर्यादा आहे. ‘ड्राय रन’ वापरा, तो चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर चालतो.

डीएनएसमध्ये मूळ डोमेनला ए रेकॉर्ड (आयपीचा पत्ता), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट). मूळ डोमेनला सीनेम टाकता येत नाही, कारण तिथे एनएस आणि एसओए हे रेकॉर्ड आधीच असतात आणि सीनेमला शेजारी चालत नाही. दोन ठिकाणी माणसं हमखास अडकतात. पहिलं म्हणजे नेमसर्व्हर (डोमेनचे रेकॉर्ड ठेवणारे सर्व्हर) बदलणं. गिऱ्हाइकाला ‘नेमसर्व्हर माझे टाका’ असं सांगणं सोपं वाटतं, पण त्याचे ईमेल त्या डोमेनवर चालत असतील तर जुने एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचे ते सांगणारे) नव्या जागी येत नाहीत आणि ऑर्डरचे मेल बंद पडतात. ऐन एप्रिलात हे झालं तर काय ऐकावं लागेल ते तुम्हीच ठरवा. फक्त ए रेकॉर्ड बदलायला सांगा. दुसरं म्हणजे उरलेला एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता. आधीच्या होस्टिंगने तो टाकलेला असतो, आपण ए बदलतो आणि तो तसाच राहतो. मग गिऱ्हाईक सांगतं, ‘घरच्या वाय-फायवर नवी साइट दिसते, जिओवर जुनीच’. जिओच्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ चालतो, त्यामुळे फोन त्या जुन्या पत्त्यावर जातो. लेट्स एन्क्रिप्टही एएएए असेल तर आधी तिकडेच तपासायला जातं आणि सर्टिफिकेट नाकारतं. सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर तो रेकॉर्ड काढून टाका, असेल तर बरोबर करा. आणि आदल्या दिवशी टीटीएल (डीएनएसचं उत्तर किती सेकंद जपायचं तो आकडा) ३०० वर आणून ठेवा.

डीएनएस बदलण्यापूर्वी सगळं तपासता येतं. स्वतःच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये नाव आणि आयपीची एक ओळ टाका, किंवा कर्ल या कमांडला ‘रिझॉल्व्ह’ पर्यायात नाव, पोर्ट आणि आयपी द्या. दुसरी पद्धत मला बरी वाटते, कारण होस्ट्समधली ओळ काढायची राहून जाते आणि मग ‘माझ्याकडे तर दिसतंय’ अशा गजाली सुरू होतात.

आता वर्डप्रेस. डोमेन मॅपिंग ४.५ पासून, म्हणजे २०१६ पासून, मूळ वर्डप्रेसमध्येच आहे. जुनं मॅपिंगचं प्लगइन आणि त्याची ‘सनराइज’ फाइल तुमच्याकडे अजून असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधली सनराइजची ओळ आणि ती फाइल दोन्ही काढा. जुनं प्लगइन आणि मूळ वर्डप्रेस दोघं मिळून साइट शोधायला लागले की निदान करणं अशक्य होतं. नेटवर्क अ‍ॅडमिनमध्ये साइट्समध्ये जाऊन हापूसची साइट संपादित करा आणि पत्त्यात नवं डोमेन एचटीटीपीएससह लिहा. मग सेटिंग्जच्या टॅबवर ‘साइटयूआरएल’ आणि ‘होम’ बदललेत ना ते बघा. पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय लिहा. विनंती डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आली तर वर्डप्रेस ते काढूनही शोधतो, पण उलट करत नाही: यादीत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह लिहिलंत आणि माणूस त्याशिवाय आला तर साइट सापडत नाही.

सापडली नाही की काय होतं? तुम्हाला दिसलेलं नोंदणीचं पान. सबडोमेनच्या मल्टिसाइटमध्ये अनोळखी नाव आलं की वर्डप्रेस समजतो, कोणाला तरी नवी साइट हवीय. म्हणजे ते पान दिसलं की डीएनएस, सर्टिफिकेट आणि अपाचे तिघंही निर्दोष. नाव फक्त डेटाबेसच्या ‘ब्लॉग्स’ टेबलात नाही. शोधाशोध तिथेच करा. हे पान नको असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये ‘नोब्लॉगरीडायरेक्ट’ या स्थिरांकात एक पत्ता देता येतो. त्याचा एक दुष्परिणाम असा की मुख्य साइटवरची न सापडलेली पानंही ४०४ न देता तिकडेच वळतात.

लॉगिनचा फेरा कुकीमुळे (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिनच्या खुणेमुळे) आहे. सबडोमेनच्या मल्टिसाइटमध्ये वर्डप्रेस कुकी मुख्य डोमेनच्या नावाने, पुढे टिंब लावून देतो. हापूस.एक्झाम्पलवर बसलेला ब्राउझर वाडी.एक्झाम्पलची कुकी स्वीकारत नाही, स्वीकारूही नये. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये ‘कुकी डोमेन’ या स्थिरांकाला विनंतीतलं होस्टचं नाव द्या, म्हणजे प्रत्येक डोमेनला त्याची कुकी मिळेल. याची किंमत एवढीच की प्रत्येक डोमेनवर वेगळं लॉगिन करावं लागतं, तुम्हालासुद्धा. बागायतदाराला त्याचं काही नाही, तो एकाच साइटवर येतो.

मग लेखांमधले जुने पत्ते. डेटाबेसमध्ये थेट एसक्यूएलने बदलू नका. विजेट आणि थीमच्या सेटिंग्ज सीरिअलाइज केलेल्या असतात, त्यात मजकुराची लांबी लिहिलेली असते. पत्ता लांबला किंवा आखूड झाला की ती सेटिंग मोडते. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांडलाइन साधनाचं ‘सर्च-रिप्लेस’ ती लांबीही सुधारतं. साइटचा पत्ता ‘यूआरएल’ पर्यायात द्यायचा, आणि आधी ‘ड्राय-रन’.

यानंतर एक काम राहतं आणि नेमकं तेच अपाचेचं आहे. पत्ता बदलला त्या क्षणी जुनं सबडोमेन, हापूस.वाडी.एक्झाम्पल, वर्डप्रेसच्या यादीतून गेलं. गेल्या हंगामात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या लिंका, पेटीवर छापलेला क्यूआर कोड, गुगलमधले निकाल, सगळे आता नोंदणीच्या पानावर जातील. जुन्या सबडोमेनचा एक छोटा होस्ट ४४३ वर ठेवा, त्यात ‘रीडायरेक्ट परमनंट’ची एकच ओळ, नव्या डोमेनकडे. त्यालाही सर्टिफिकेट हवंच. इथे क्रमाची गंमत आहे. मुख्य होस्टला तुम्ही तारांकनाचा अलायस दिला असणार, आणि अपाचे क्रमाने बघतो. तारांकनवाला आधी वाचला गेला तर जुनं सबडोमेन त्यालाच जुळतं आणि तुमचा रीडायरेक्ट कधी चालतच नाही. म्हणून रीडायरेक्टच्या फाइलींची नावं १० ने सुरू करा, तारांकनवाल्या मुख्य होस्टची ९० ने. एन्जिनएक्समध्ये ही काळजी नाही, तिथे पूर्ण जुळणारं नाव तारांकनाच्या आधी बघितलं जातं.

एन्जिनएक्सचा विषय निघालाच आहे तर त्याच्या कॅशबद्दल (साठवलेल्या तयार पानांबद्दल) एक सूचना. कॅशच्या किल्लीत ‘सर्व्हर नेम’ हा चल वापरू नका, ‘होस्ट’ वापरा. सर्व्हर नेम म्हणजे त्या ब्लॉकमधलं पहिलं नाव; एका ब्लॉकमध्ये दहा डोमेन असतील तर दहांचीही किल्ली एकच होते, आणि जो आधी आला त्याचं मुखपृष्ठ बाकीच्यांना वाढलं जातं. लक्षण तुमच्यासारखंच, कारण वेगळं. पुढेमागे समोर प्रॉक्सी किंवा सीडीएन (तुमच्या सर्व्हरच्या पुढे उभा राहून विनंत्या घेणारा दुसरा सर्व्हर) लावलंत आणि पान स्वतःकडेच वळत राहिलं, तर एचटीटीपीएस बाहेरच संपतंय आणि वर्डप्रेसला ते कळत नाहीये. ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर बघून डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये एचटीटीपीएस चालू असल्याचं सांगा, पण ते हेडर तुमच्याच प्रॉक्सीकडून आलं असेल तरच.

लॉगमध्ये होस्ट हेडर छापा. अनेक अलायस असलेल्या होस्टमध्ये छोटा व्ही हा फॉरमॅट फक्त सर्व्हरनेम लिहितो, मग कुठल्या नावाला किती लोक आले ते कळत नाही.

तुम्ही देवनागरी डोमेनबद्दलही विचारलंत. डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि मराठी नाव सरळ नोंदवता येतं. पण ब्राउझर सर्व्हरला ते नाव देवनागरीत पाठवत नाही; पनीकोडमध्ये, म्हणजे एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात पाठवतो. अपाचेच्या सर्व्हरनेममध्ये, सर्टबॉटला देताना आणि वर्डप्रेसच्या पत्त्यात तिन्हीकडे तेच रूप लिहा. नोंदणीच्या पावतीवर ते रूप नसेल तर ब्राउझरमधून पत्ता कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा, बहुतेक वेळा पनीकोडच येतो.

राहिलं हे सगळं कधी करायचं. मार्च ते मे अजिबात नको. बागायतदारांच्या ऑर्डरी तेव्हाच, आणि होमस्टेंची सुट्टीची गर्दीही तेव्हाच. पाऊस लागला की बाग रिकामी, पर्यटक कमी, तेव्हा एक-एक डोमेन हलवा; सगळी एका रात्रीत नाही. आधी असं डोमेन घ्या ज्याचा मालक फोन उचलतो. पावसात लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, आणि सर्च-रिप्लेस मध्येच तुटलं तर अर्धे पत्ते जुने, अर्धे नवे. सर्व्हरवर लॉगिन केल्या केल्या टीमक्स किंवा स्क्रीन सुरू करा आणि आज्ञा त्याच्या आत चालवा. कनेक्शन गेलं तरी काम सर्व्हरवर चालू राहतं, लाइट आली की पुन्हा जोडून पुढचं बघायचं. त्याआधी डेटाबेसचा डंप घ्या आणि अपाचेचा पूर्ण कॉन्फिग फोल्डर गिटमध्ये टाका. कुठल्या डोमेनच्या वेळी काय बदललं ते पुढच्या हंगामात तुम्हालाच शोधावं लागणार आहे.

अपाचेसीटीएलचं ते आउटपुट पाठवा, खरी डोमेन झाकून. प्रती काढण्याआधीचं पाठवलंत तर उत्तम.